आयव्हीएसएचमेम ड्रायव्हर: विंडोज व्हीएम आणि लिनक्स होस्टमध्ये मेमरी शेअर करणार असाल तर हा रिव्ह्यू वाचा

आयव्हीएसएचमेम म्हणजे व्हीएम (मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) आणि तिला चालवणारं मूळ मशीन, म्हणजे होस्ट, या दोघांना रॅमचा एकच तुकडा वापरू देणारी सोय, आणि हा तिचा विंडोजसाठीचा ड्रायव्हर. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं सविस्तर सांगतो, कारण आमच्या बेळगावात उद्यमबागेत, मच्छेत, तिकडं हत्तरगीच्या बाजूला कॅमेरा लावून पार्ट तपासायची चौकशी करणारे आता वाढलेत आणि एकाच मशीनवर विंडोज पण हवं, लिनक्स पण हवं ही अडचण प्रत्येकाला येतेच, तेव्हा कुणाच्या तरी कामाला येईल.

आमचं काम काय ते आधी सांगतो. फौंड्रीतून कास्टिंग येतं, मशीनिंग होतं, मग हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीतले होल आणि थ्रेड कॅमेऱ्यानं बघायचे, कुठं बर (धातूची उरलेली कड) राहिलाय का, कुठं ब्लोहोल (कास्टिंगमधला हवेचा खड्डा) दिसतंय का. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि आमचा तपासणीचा सगळा प्रोग्रॅम लिनक्सवर आहे. दोन पीसी ठेवायला मालक तयार नाहीत, आणि बरोबरच आहे की त्यांचं, शॉपफ्लोअरवर धूळ, कूलंटचे शिंतोडे, पावसाळ्यात लाइट ये-जा करते म्हणून प्रत्येक पीसीला यूपीएस, एवढा पसारा कोण सांभाळणार. म्हणून एकच मशीन, त्यावर लिनक्स होस्ट, केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) विंडोज गेस्ट, म्हणजे आतली व्हीएम, आणि कॅमेऱ्याचं यूएसबी कार्ड गेस्टला पासथ्रू, म्हणजे थेट जोडून दिलेलं.

एक फ्रेम ४०९६ बाय ३०७२ पिक्सेल, ८ बिट मोनो, म्हणजे १०२४ च्या हिशोबानं बरोब्बर १२ एमबी. सेकंदाला १० फ्रेम, म्हणजे १२० एमबी. आधी हे सगळं सांबा शेअरवरून (नेटवर्कवरून फायली वाटायची सोय) जात होतं, म्हणजे फ्रेम गेस्टमधल्या ॲपकडून गेस्टच्या नेटवर्क स्टॅकमध्ये, तिथून व्हर्च्युअल कार्डच्या क्यूमध्ये, मग होस्टचा नेटवर्क स्टॅक, मग सांबा, मग फाइल, मग आमचा प्रोग्रॅम ती फाइल उघडून वाचणार. एकाच मशीनच्या रॅममधला डेटा त्याच रॅममध्ये दुसरीकडं न्यायला हा द्राविडी प्राणायाम, आणि प्रत्येक पायरीला एक कॉपी.

आयव्हीएसएचमेम म्हणजे इंटर व्हीएम शेअर्ड मेमरी. अल्बर्टा युनिव्हर्सिटीतल्या कॅम मॅकडोनेल यांनी हे लिहिलं आणि २०१० मध्ये क्यूईएमयूच्या (केव्हीएमसोबत व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) ०.१३ मध्ये आलं. कल्पना साधी आहे. होस्टवरचा मेमरीचा एक तुकडा गेस्टला एक पीसीआय कार्ड म्हणून दाखवायचा. कार्डाचा व्हेंडर आयडी १एएफ४, डिव्हाइस आयडी १११०. बार म्हणजे कार्ड दाखवतं तो मेमरीचा भाग: बार शून्यमध्ये २५६ बाइटची रजिस्टर, बार एकमध्ये एमएसआय-एक्सचं, म्हणजे इंटरप्टचं (प्रोसेसरला 'इकडं बघ' सांगणाऱ्या इशाऱ्याचं), टेबल, बार दोनमध्ये खरी शेअर्ड मेमरी. २०१६ च्या क्यूईएमयू २.६ पासून याचे दोन प्रकार वेगळे केले, एक प्लेन, ज्यात फक्त मेमरी आहे आणि इंटरप्ट नाही, आणि दुसरा डोअरबेल, ज्यात एकमेकांना इंटरप्ट देता येतो. विंडोजचा ड्रायव्हर २०१७ मधला, लुकिंग ग्लास बनवणाऱ्या जेफ्री मॅक्रे यांनी लिहून व्हर्टिओ-विनमध्ये (व्हीएममधल्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर संच) दिलेला. त्यांना व्हीएममधल्या ग्राफिक कार्डाची स्क्रीन होस्टवर दाखवायची होती, आम्हाला कॅमेऱ्याची फ्रेम हवी होती, दुखणं तेच.

बसवायला त्रास नाही. साइज दोनच्या घातात असायला लागते, म्हणून ५ फ्रेमच्या रिंगला (त्याच जागा फिरून फिरून वापरायच्या) ६० एमबी आणि वर हेडर धरून आम्ही ६४ एमबी घेतले. होस्टवर डेव्ह-एसएचएम मध्ये, म्हणजे रॅममधल्या फोल्डरमध्ये, फाइल बनते. तिची परमिशन मात्र नीट बघा, क्यूईएमयू ज्या युझरवर चालतं त्याला आणि तुमच्या प्रोग्रॅमला, दोघांनाही ती उघडता आली पाहिजे. ड्रायव्हर नसेल तर विंडोज डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिस्टम डिव्हायसेसखाली हे कार्ड पीसीआय स्टँडर्ड रॅम कंट्रोलर म्हणून दिसतं आणि काही तक्रारही करत नाही, त्यामुळे व्हर्टिओचा नेहमीचा इन्स्टॉलर चालवला म्हणजे हा पण बसला असं धरून चालू नका, उघडून बघा आणि हातानं ड्रायव्हर द्या.

आता कोड, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. आमच्याकडं नियम आहे की कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) चालणारी कुठलीही गोष्ट लाइनवर जाण्याआधी दोघांनी वाचायची. मी आणि माझ्यासोबतचा गोकाकचा मुलगा, बेळगावातच इंजिनिअरिंग झालेला, बसून पूर्ण वाचला. चांगली गोष्ट ही की वाचता येतो. बाकीच्या व्हर्च्युअल ड्रायव्हरांच्या मानानं हा फारच लहान आहे, केएमडीएफवर (मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहायची चौकट) लिहिलेला, आणि ॲप्लिकेशन त्याच्याकडं मोजक्याच गोष्टी मागू शकतं: साइज किती, माझा पीअर आयडी (मेमरी वाटून घेणाऱ्यांतला माझा नंबर) काय, मेमरी मॅप कर, मॅप सोड, डोअरबेल वाजव, हा इव्हेंट रजिस्टर कर. बस. जितके कमी दरवाजे तितकं रिव्ह्यू करणाऱ्याचं डोकं शांत.

मॅप करण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि तो मन लावून लिहिलाय. ड्रायव्हर शेअर्ड मेमरीसाठी एमडीएल (मेमरीच्या पानांची यादी) बनवून ठेवतो आणि ॲपनं मागितल्यावर ती युझर मोडमध्ये (साध्या ॲपच्या बाजूला) मॅप करून पॉइंटर, म्हणजे तिचा पत्ता, देतो. विंडोजमध्ये युझर मोडला असं मॅप करताना अपयश आलं तर ते फंक्शन नल देत नाही, एक्सेप्शन फेकतं, आणि भोवती ते पकडणारा ट्राय-एक्सेप्ट नसेल तर थेट निळा स्क्रीन. इथं तो आहे. ३२ बिट ॲपसाठी पॉइंटरची साइज वेगळी म्हणून वेगळं स्ट्रक्चर ठेवलंय, आणि हे आम्हाला लागलंच कारण कॅमेऱ्याचा एसडीके (सोबत मिळालेला प्रोग्रॅमिंगचा संच) ३२ बिटचा निघाला. एका वेळी एकच हँडल (ड्रायव्हर उघडून बसलेलं एक ॲप) मॅप करू शकतं, दुसऱ्यानं मागितलं तर नकार. काही जणांना ही अडचण वाटेल, मला नाही वाटत, उलट चुकून दोन प्रोसेस एकाच रिंगमध्ये लिहायला लागल्या असं होत नाही. हँडल बंद झालं की मॅपिंग काढून टाकतो, म्हणजे ॲप क्रॅश झालं तरी मागं काही लोंबकळत राहत नाही.

कॅश मोड, म्हणजे प्रोसेसरनं जवळच्या वेगवान मेमरीत डेटा ठेवायचा की नाही, हा मॅप करताना आपल्याला निवडता येतो, अनकॅश्ड, कॅश्ड की राइट-कंबाइन्ड. हे फार लोक वाचत नाहीत आणि मग स्पीड मिळत नाही म्हणून ओरडतात. डिव्हाइसची मेमरी म्हटलं की कर्नलवाल्यांचा हात सवयीनं अनकॅश्डकडं जातो, लिनक्समध्ये सुद्धा एक्स८६ वर आयओरिमॅप (डिव्हाइसची मेमरी मॅप करणारं कर्नलचं फंक्शन) अनकॅश्डच देतं. पण इथं खरं डिव्हाइस नाहीच, कार्डाच्या मागं होस्टची साधी रॅम आहे, होस्टवरचा प्रोग्रॅम ती कॅश्डच वापरतोय, तर गेस्टनं पण कॅश्डच मागावी. लिनक्स गेस्ट असेल तर मेमरिमॅप हे फंक्शन वापरून राइट-बॅक, म्हणजे कॅश्ड, मागायचं.

लिनक्स गेस्टचा विषय निघालाच तर, लिनक्सच्या मेन कर्नलमध्ये आयव्हीएसएचमेमचा स्वतःचा ड्रायव्हर नाही, आणि माझा अर्धा स्टार इथंच गेला. रूट असेल तर सिसएफएसमधून (लिनक्स डिव्हाइस फाइलसारखे दाखवतं ती जागा) रिसोर्स२ ही फाइल एममॅप करून, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडून, काम चालतं, नाहीतर लोक यूआयओ मॉड्यूल (साध्या प्रोग्रॅमला डिव्हाइस वापरू देणारा छोटा ड्रायव्हर) लिहितात आणि अशी बरीच मॉड्यूलं इकडं तिकडं पडलेली आहेत. ती उचलताना एक गोष्ट पहिल्यांदा बघा, एममॅप हँडलरमध्ये युझरनं मागितलेला ऑफसेट आणि साइज बारच्या मर्यादेत आहे का हे तपासलंय का. तपासलं नसेल आणि ते नंबर सरळ रिमॅप-पीएफएन-रेंजला (मेमरी मॅप करून देणारं कर्नलचं फंक्शन) दिले असतील तर ते डिव्हाइस उघडू शकणारी गेस्टमधली कुठलीही प्रोसेस गेस्टची कुठलीही फिजिकल मेमरी वाचू शकते, मग तुमची शेअर्ड मेमरी राहिली बाजूला. नंतर एरर पाथ बघा, तिसऱ्या पायरीला अपयश आलं तर आधीच्या दोन पायऱ्या उलट्या क्रमानं सोडतोय का. बहुतेक गळती तिथंच असते.

एवढं सगळं नीट असलं तरी ड्रायव्हर फक्त मेमरी दाखवतो. दोन भावांच्या शेतात सामाईक विहीर असते ना, विहीर आहे, पाणी आहे, पण पाळी कुणाची हे विहीर नाही ठरवत, तसं. पाळी तुमच्या कोडनं ठरवायची.

कॅमेऱ्याच्या डीलरकडून आम्हाला एक सॅम्पल प्रोग्रॅम मिळाला होता, तो आधी 'नवीन फ्रेम आली' हा फ्लॅग लावत होता आणि मग डेटा कॉपी करत होता. ट्रायलच्या वेळी लाइनवरच्या मामांनी हाक मारली, "ओ सर, ह्या फोटोत वरचा निम्मा ह्या पीसचा आनी खालचा निम्मा मागच्या पीसचा दिसुलालाय की." मामांचं बघणं बरोबर होतं. रीडर फ्लॅग बघून लगेच वाचायला धावला आणि तोवर खालचे पिक्सेल जुनेच होते. असा फोटो पास झाला तर ब्लोहोल असलेला व्हॉल्व्ह कुणाच्या तरी प्रेसमध्ये नाहीतर लोडरमध्ये जाऊन बसणार, आणि त्याखाली माणूस उभा असतो. म्हणून हा भाग मी कधीच घाईत सोडत नाही.

बरोबर क्रम असा, आधी सीक्वेन्स नंबर बदलून 'लिहिणं चालू' असं कळवायचं, मग बॅरियर (क्रम राखणारी सूचना), मग पूर्ण डेटा लिहायचा, मग नवा सीक्वेन्स नंबर रिलीज स्टोअरनं (आधीचं लिखाण पोचल्यावरच दिसणारं लिखाण) लिहायचा, वाचणाऱ्यानं तो अक्वायर लोडनं (पुढचं वाचन आधी होऊ न देणारं वाचन) वाचायचा, फ्रेम स्वतःकडं कॉपी करायची आणि झाल्यावर अक्वायरचीच काळजी घेऊन तोच नंबर परत तपासायचा, मधे बदलला असेल किंवा 'लिहिणं चालू' असेल तर फ्रेम टाकून द्यायची. एक्स८६ वर प्रोसेसर साध्या स्टोअरचा क्रम सांभाळतो हे खरं, पण कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) नाही सांभाळत, आणि मोठ्या कॉपीसाठी कुणी नॉन-टेम्पोरल स्टोअर (कॅश टाळून लिहिणारे) वापरले तर प्रोसेसरचीही हमी गेली, मग एसफेन्स (लिखाणाचा क्रम राखणारा बॅरियर) घालायलाच लागतो. एआरएमवर तर बॅरियरशिवाय चालणारच नाही. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी व्हर्ट- नं सुरू होणारे वेगळे बॅरियर मॅक्रो आहेत, त्याचं कारण फार छान आहे: गेस्टचं कर्नल एकाच प्रोसेसरसाठी बनवलेलं असेल तर नेहमीचे एसएमपी (अनेक कोअरसाठीचे) बॅरियर फक्त कंपायलरपुरते उरतात, पण पलीकडं होस्ट तर अनेक कोअरवर धावतोय, त्याच्याशी बोलताना खरा बॅरियर लागतोच.

गोकाकच्या मुलानं विचारलं, सर, सरळ प्रोसेस-शेअर्ड म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) टाकूया की, त्यात काय. नाही चालत. तो म्युटेक्स आत फ्युटेक्सवर (लिनक्स कर्नलची थांबवायची-उठवायची सोय) उभा असतो, आणि फ्युटेक्सवर झोपलेल्याला उठवायचं काम ज्या त्या कर्नलचं. इथं दोन कर्नल, त्यात एक विंडोजचं. एकानं सोडला तरी दुसऱ्याला कोण उठवणार. शिवाय लॉक धरून गेस्ट बंद पडला तर लॉक तसाच. म्हणून एक लिहिणारा, एक वाचणारा आणि लॉक नसलेली रिंग, यापलीकडं जाऊ नका.

गेस्ट रीस्टार्टचं पण लक्षात ठेवा. डेव्ह-एसएचएम मधली फाइल व्हीएम बंद झाली म्हणून पुसली जातेच असं नाही, तसाच जुना डेटा आणि जुना हेडर घेऊन ती बसलेली असू शकते. विंडोज अपडेट होऊन गेस्ट परत सुरू झाला आणि आमच्या रीडरला काहीच कळलं नाही असं होऊ नये म्हणून हेडरमध्ये जनरेशन नंबर ठेवला, लिहिणारा सुरू होताना तो बदलतो. आणि होस्टवर कुणी ती फाइल लहान केली तर मॅप करून बसलेला प्रोग्रॅम सिगबसनं (कर्नलचा प्रोग्रॅम बंद पाडणारा इशारा) मरतो, त्यासाठी मेमएफडीचं (रॅममधली निनावी फाइल) सील, म्हणजे साइज बदलायला बंदी, वापरता येतं, लिनक्स ३.१७ पासून आहे, क्यूईएमयूचा मेमएफडी बॅकएंड ते लावतो.

डोअरबेलबद्दल. रजिस्टरमध्ये एक ३२ बिटचा नंबर लिहायचा, वरचे १६ बिट कुणाला, खालचे १६ बिट कुठला व्हेक्टर (इंटरप्टचा नंबर). ऐकायला छान आहे पण तिथं नसलेल्या पीअरला बेल वाजवली तर ती मुकाट्यानं गिळली जाते, एरर येत नाही. चार बेल वाजल्या तरी समोरच्याला एकच पोचू शकते कारण आत इव्हेंटएफडीचा (लिनक्सची इशारा द्यायची सोय) काउंटर आहे, म्हणून बेल मोजून फ्रेम मोजायच्या नाहीत. पोझिशन रजिस्टर (आपला पीअर नंबर सांगणारं) शून्य आलं तर तुम्ही शून्य नंबरचे पीअर आहात की इंटरप्टच नाहीत हे सॉफ्टवेअरला सांगता येत नाही, स्पेसिफिकेशनमध्येच तसं लिहिलंय. आणि डोअरबेलसाठी होस्टवर जो सर्व्हर चालवायचा त्याचा सोबत दिलेला कोड नमुन्यापुरता आहे, प्रॉडक्शनला वापरू नका असं डॉक्युमेंटमध्येच सांगितलंय. उरलेला अर्धा स्टार इथं कापला. आम्ही प्लेन घेतला. सेकंदाला १० फ्रेम असताना दर मिलिसेकंदाला एक नंबर वाचून बघणं हे काही ओझं नाही, आणि एक सर्व्हर सांभाळायचा वाचला.

स्नॅपशॉटची (व्हीएमची त्या क्षणाची प्रत) सवय असेल तर आधीच सांगतो, पीअर मोडमध्ये, म्हणजे मास्टर न नेमता, हे कार्ड लावलं की क्यूईएमयू मायग्रेशनला (चालू व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवायला) नाही म्हणतं आणि चालू व्हीएमचा मेमरीसकट स्नॅपशॉट पण होत नाही. गेस्ट बंद करून डिस्कचा घ्यायचा. आम्ही रविवारी लाइन बंद असताना घेतो.

आता भरवशाचं. या मेमरीत लिहू शकणारा कोणीही कधीही काहीही लिहू शकतो, तुम्ही वाचत असताना सुद्धा. हेडरमधून फ्रेमची साइज वाचली, १२ एमबीच्या आत आहे हे तपासलं, आणि कॉपी करताना परत हेडरमधूनच वाचली, तर मधल्या क्षणात ती बदललेली असू शकते. २०१५ च्या डिसेंबरात झेनची (व्हीएम चालवणारी दुसरी प्रणाली) एक्सएसए-१५५ ही सुरक्षेची सूचना आली ती याच जातीची, फेलिक्स विल्हेल्म यांनी शोधलेली, आणि तिच्यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे सोर्स कोडमध्ये व्हॅल्यू एकदाच वाचलेली दिसते पण कंपायलर ती दोनदा वाचणारा कोड बनवू शकतो. म्हणून हेडर पूर्ण आपल्या खाजगी मेमरीत एकदाच घ्यायचा, रीड-वन्स किंवा व्होलाटाइलनं (कंपायलरला 'एकदाच वाच' असं सांगणारे शब्द), आणि नंतर तपासणी पण त्या कॉपीवर आणि वापर पण त्या कॉपीचाच. मी कुणाचाही शेअर्ड मेमरीचा कोड तपासायला घेतला की पहिल्यांदा हेच शोधतो. आमचा गेस्ट विंडोजचा, त्यात कॅमेरा डीलरचं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्ह लावणारे लोक, त्यावर होस्टनं डोळे झाकून विश्वास का ठेवायचा.

यावर आम्ही दोन कार्ड लावली. ६४ एमबीचं एक, ज्यात फक्त गेस्ट लिहितो आणि होस्टवरचा प्रोग्रॅम ती फाइल रीड-ओन्ली उघडतो, आणि १ एमबीचं दुसरं, ज्यात होस्ट 'इथपर्यंत वाचलं' एवढा नंबर परत कळवतो. त्यामुळे रीडरमध्ये कितीही गडबड झाली तरी फ्रेमवर लिहिलं जाणार नाही. ज्यांना प्रत्येकाची लिहायची जागा वेगळी हे डिव्हाइसमधूनच हवंय त्यांनी जेलहाउसमधलं (एका मशीनचे वेगळे भाग पाडणारा प्रोग्रॅम) आयव्हीएसएचमेमचं दुसरं रूप बघावं, सीमेन्सच्या यान किस्का यांनी त्यावर काम केलंय, त्यात प्रत्येक पीअरला स्वतःचा आउटपुट भाग असतो जो बाकीच्यांना फक्त वाचता येतो.

दोन-चार मेसेज इकडून तिकडं पाठवायचे असतील तर मात्र हे सगळं करू नका, साधं सॉकेट (दोन प्रोग्रॅममधली नेहमीची जोडणी) पुरतं. फायली शेअर करायच्या असतील तर व्हर्टिओ-एफएस बघा. मोठा डेटा, सतत, कमीत कमी कॉपीत हवा असेल आणि कोड वाचायची तयारी असेल तरच हा ड्रायव्हर घ्या. आमच्याकडं रीडर आता फ्रेम थेट रॅममधून उचलतो, तपासायचा कोड गेस्टमध्ये काय चाललंय याची पर्वा न करता चालतो, आणि शेअर्ड मेमरीला हात लावणारी प्रत्येक नवी ओळ अजूनही दोघं मिळून वाचल्याशिवाय लाइनवर जात नाही.